काल किती तास?

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. परंतु आमच्या शेजारच्या खोलीतील साहाय्यक फादर गेल्या वर्षी एका सकाळी गंभीरपणे म्हणाले, "फादर, तुमचे घोरणे मध्येच थांबते आणि मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा तुम्ही श्वास घेता. मला भीती वाटते."

ठाण्याच्या एका इस्पितळात आमची निद्रा-तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटावा, रक्तातील प्राणवायू उतरावा आणि मेंदूने दचकून जागे व्हावे, असे आमच्या बाबतीत तासाला तिसाहून अधिक वेळा घडत होते. या विकाराचे नाव स्लीप ॲप्निया. तो रक्तदाब वाढवितो, हृदयावर ताण आणतो. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता.

यावरचा उपाय म्हणजे 'सीपॅप' हे यंत्र. नाकावर मास्क बांधावयाचा. नळीतून येणाऱ्या हवेच्या दाबाने श्वासमार्ग रात्रभर उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ साली जगापुढे मांडला. उपाय सोपा, पण तो रोज करावयाचा! चार रात्री आम्ही मास्क लावला. घसा कोरडा पडला, हवा निसटून डोळ्यांवर येऊ लागली, जीव गुदमरल्यासारखे झाले. पाचव्या रात्री यंत्र कपाटात गेले. धर्मगुरूच्या खोलीत विचारणारे कोण असते?

अशातच एका रविवारी मिस्सानंतर डोंबिवलीच्या एक बाई आपल्या पतीस घेऊन आल्या. "फादर, यांना जरा सांगा. महिना झाला, मशीन माळ्यावर पडलंय. सकाळी लोकलमध्ये बसले की ठाणं येण्याआधी झोपतात, दादरला कुणीतरी हलवून उठवतं." आम्ही शरीर ही देवाची देणगी असल्याबद्दल बराच उपदेश केला. ते गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "लाज वाटते, फादर. पोरं म्हणतात, पप्पांना सोंड आली."

त्या रात्री कपाटाकडे पाहवेना. पुढल्या रविवारी आम्हीच त्यांच्यापाशी कबुली दिली. ते प्रथम अवाक झाले, मग पोट धरून हसले. दोघांनी ठरविले: रोज सकाळी सात वाजता फोन करावयाचा आणि एकच प्रश्न विचारावयाचा, "काल किती तास?" यंत्र तासांची नोंद ठेवते; तेथे थाप चालत नाही.

आम्ही दोघे मिळून इस्पितळात गेलो. आमचा मास्क एक माप मोठा निघाला. पट्टा आवळून हवेची गळती थांबत नाही, उलट वाढते, हे तेथे कळले. त्यांच्या झुपकेदार मिशीमुळे मास्क नीट बसत नव्हता; त्यांना केवळ नाकपुड्यांशी टेकणारा प्रकार मिळाला. कोरड्या घशासाठी हवा ओलसर करणारे भांडे जोडले. दाब हळूहळू चढावा अशी सोय यंत्रात होतीच, ती कुणी सुरू केली नव्हती. शिवाय संध्याकाळी जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसावे, असे सांगण्यात आले. आम्ही त्या वेळात वर्तमानपत्र वाचू लागलो.

पहिल्या आठवड्यात आमचा आकडा दोनच्या पुढे सरकेना. शंभरातील निदान सत्तर रात्री चार तास, हे डॉक्टरांचे किमान माप. खरे तर संपूर्ण झोपेत मास्क हवा. कधी रात्री वीज जाई, कधी सर्दी होई. तरी सकाळी फोन येणार, या विचाराने हात मास्ककडे जाई. दोन महिन्यांनी आम्ही सहा तासांवर आलो. दुपारच्या बैठकीत डुलक्या येईनाशा झाल्या. ज्यांच्या घरी असे यंत्र माळ्यावर असेल, त्यांना आमची विनंती आहे: उपदेश करू नका. मास्कचे माप पुन्हा तपासून घ्या आणि सकाळी प्रेमाने विचारा.

मागच्या एका सुट्टीच्या दिवशी सात वाजून गेले तरी फोन आला नाही. काळजीने आम्हीच केला. बाईंनी उचलला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, अजून झोपलेत. मास्क लावूनच. उठवू का?"

"नको, नको," आम्ही म्हणालो.