हौदातलं कासव

आज पिकाचं नाही, कासवाचं.

पुतण्यानं हौसेनं लाल कानाचं कासव आणलेलं. तेव्हा रुपयाएवढं, आता बशीएवढं. इथं महाळुंग्यातच त्याच्या फ्लॅटवर काचेच्या टाकीत दिवसभर धडका मारायचं. "काका, मुळेत सोडू का?" म्हणाला. नाही म्हणालो. हे मूळचं अमेरिकेतलं. नदीत गेलं की आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं.

मग गोठ्यामागच्या जुन्या हौदात ठेवलं. वर चढायला तिरकी फरशी लावली, अंग वाळवून ऊन खाल्ल्याशिवाय कवच धड राहत नाही. निम्म्या हौदावर सावली, वरून जाळी (पहिल्याच दिवशी कावळा येऊन बसला होता). गाईचा ॲझोला टाकला की पोहत पोहत चरतं. औषध न मारलेल्या खाचरातली गोगलगाय सोडली तर मागंच लागतं. आठवड्याला दगड हलवून ठेवतो, मग परत सगळा हौद तपासत फिरतं. धडका थांबल्या.

विहिरीतलं देशी कासव मात्र घरी आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. जखमी सापडलं तर वनखात्याला 1926 वर फोन करा.

ह्याचं आयुष्य 20-30 वर्षांचं. पुतण्याची पोरं शाळेत जातील, तरी हे आमच्याच हौदात.