पेपरवर नाव कुणाचं?

२०१५ सालच्या मे महिन्यात 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात ३३ पानांचा एक शोधनिबंध आला. हिग्ज बोसॉन या कणाचं वस्तुमान पूर्वीपेक्षा काटेकोरपणे मोजल्याचं त्यात मांडलं होतं. संदर्भसूची धरून शास्त्राची पानं होती नऊ. उरलेल्या २४ पानांवर लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. लेखक एकूण ५,१५४. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून केलेलं हे काम. नावं आडनावांच्या वर्णानुक्रमानं लावलेली असल्यामुळे हा निबंध जगभर 'आद आणि इतर' म्हणून ओळखला जातो. पाच हजार माणसांच्या कामावर जे एक नाव उठून दिसतं, ते वर्णमालेनं ठरवलं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधनाच्या मोजमापाचं काम पाहते. कुणाचे किती पेपर, ते कुठे छापून आले, पुढे किती जणांनी त्यांचा संदर्भ दिला, हे काढून द्यायचं. पदोन्नतीच्या, म्हणजे आमच्या भाषेत 'कॅस'च्या, फायली हलायला लागल्या की प्राध्यापक मंडळी ग्रंथालयात येतात. "मॅडम, एच-इंडेक्स तेवढा काढून द्या, आज फॉर्म भरायचाय." आकडा काढायला फार वेळ लागत नाही. पण तो हातात देताना दर वेळी मनात येतं, की या माणसानं नेमकं काय शोधलं हे या कागदावरून कुणालाच कळणार नाही.

आधी नावांच्या क्रमाचं पाहू. गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमानं येतात. आधी-मागेचा काही अर्थ नसतो. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, बहुतेक वेळा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं, आणि शेवटचं नाव ज्याची प्रयोगशाळा त्याचं. मधल्या नावांचा वाटा किती, हे वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाचा लेख बहुतेक वेळा एकट्याचाच असतो आणि त्यामागे कित्येक वर्षांची दप्तरं चाळलेली असतात. या सगळ्यांना आपण एकच फॉर्म देतो आणि एकाच टेबलावर तोलतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतलं गणित इथे मुद्दाम मांडते, कारण शिक्षकांखेरीज फारसं कुणी ते पाहिलेलं नाही. विज्ञान शाखेत एका पेपरला मूळ गुण आठ. एकट्यानं लिहिला तर आठच्या आठ त्याचे. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ५.६ आणि ५.६. बेरीज झाली ११.२. दोनहून अधिक लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. दहा नावं घातली तर ५.६ अधिक नऊ वेळा २.४, म्हणजे २७.२. काम तेवढंच, निबंध तोच, पण गुण आठाचे सत्तावीस झाले. मुख्य लेखकाच्या दृष्टीनं तर तिसरं नाव घातलं काय आणि दहावं घातलं काय, त्याचे ५.६ कमी होत नाहीत. नाव वाढवायला मनाई करणारं काही नाही, उलट वाढवण्यातच सगळ्यांची सोय आहे.

मग "सरांचं नाव घालावं लागतं" हे वाक्य विभागाविभागात इतकं सहज का ऐकू येतं, हे वेगळं सांगायला नको. वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी संदर्भसूची नीट करून घ्यायला माझ्याकडे येत असे. घाटमाथ्यावरच्या सड्यांवर पावसाळ्यात हिंडून तिनं नमुने गोळा केले होते. पहिल्या मसुद्यावर तीन नावं होती: तिची, गाइडची आणि ओळख पटवायला मदत करणाऱ्या एका तज्ज्ञाची. छापायला गेला त्या मसुद्यावर नावं सात झाली. वाढलेल्या चारांपैकी एकानं उपकरण वापरू दिलं होतं, एक विभागप्रमुख होते. उरलेले दोघं कोण, हे तिलाही धड सांगता आलं नाही. तिचं नाव पहिलं होतं ते तिसरं झालं. ती तक्रार करायला आली नव्हती. स्वल्पविराम कुठे द्यायचे, एवढंच विचारत होती.

याबाबतचे नियम नाहीत असं नाही. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि त्यातून जी समिती उभी राहिली तिच्या अटी आज जगभर मानल्या जातात. लेखक म्हणवून घ्यायचं तर कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात हात हवा. छापायच्या आवृत्तीला मान्यता दिलेली हवी. आणि निबंधातल्या मजकुराबद्दल जाब देण्याची तयारी हवी. चारही अटी एकत्र. नुसता निधी मिळवून देणं, नुसती प्रयोगशाळा चालवणं यानं माणूस लेखक होत नाही. त्याचे आभार मानावेत. चौथी अट २०१३ साली घातली गेली आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संगणकाच्या चॅटबॉटला लेखक म्हणून घेता येणार नाही, असं या समितीनं २०२३ साली स्पष्ट केलं तेही याच आधारावर. यंत्र मजकूर लिहून देईल, पण उद्या चूक निघाली तर उत्तर द्यायला ते उभं राहणार नाही. आता याच कसोटीवर त्या विद्यार्थिनीच्या पेपरवरची वाढीव नावं तपासून पाहावीत.

मोजण्याची साधनं आली ती वेगळ्याच कामासाठी. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४पासून फिलाडेल्फियाच्या त्यांच्या संस्थेनं 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढायला सुरुवात केली. एखादा निबंध पुढे कुणी वापरला, कुणी खोडला, हे त्यातून शोधता यावं हा हेतू. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला इम्पॅक्ट फॅक्टर आला. एखाद्या नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले, त्याला त्या लेखांच्या संख्येनं भागायचं. वर्गणीचे पैसे मोजके असलेल्या ग्रंथपालाला हा आकडा आजही उपयोगी आहे. पण तो नियतकालिकाचा आहे, माणसाचा नाही. २०१८च्या त्याच नियमावलीत मात्र इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आत असेल तर १० जादा गुण, दहाच्या वर असेल तर ३०, असा तक्ता आहे.

सरासरी किती फसवते याचं उदाहरण मी नव्या संशोधकांना नेहमी देते. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'अ' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली दोनच्या आसपास होता. २००९ साली तो ४९.९वर गेला. स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या 'शेलएक्स' या संगणक प्रणालीविषयीचा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एकच लेख हजारो जणांनी संदर्भात दिला होता. त्या वर्षी तिथे छापलेल्या इतर प्रत्येकाच्या खात्यावर ४९.९ हा आकडा लागला. दोन वर्षांची मुदत सरली आणि तो पुन्हा दोनवर आला.

एच-इंडेक्स २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. समजा तुमच्या निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ९, ६, ५ आणि ३ संदर्भ मिळाले. निदान पाच संदर्भ मिळालेले निबंध पाच आहेत, म्हणून इंडेक्स पाच. पहिल्या निबंधाला ४०च्या जागी ४,००० संदर्भ मिळाले तरी तो पाचच राहतो. आणि वय वाढलं की तो वाढतच जातो, कधी उतरत नाही. शिवाय संदर्भ मिळाला म्हणजे काम मोठं, असंही नाही. जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध द्रावणातलं प्रथिन कसं मोजावं याची पद्धत सांगणारा, ऑलिव्हर लाऊरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१चा आहे. त्याचे संदर्भ तीन लाखांच्या वर आहेत. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा निबंध 'नेचर'नं २०१४ साली काढलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत नव्हता. लाऊरींची पद्धत प्रयोगशाळेत खरोखर लागते, म्हणून तिचा उल्लेख होतो. शोधाची खोली मात्र त्या आकड्यात कुठेच उतरत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर दामोदर धर्मानंद कोसंबींचं. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असण्याच्या काळात त्यांनी १९४३ साली 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा निबंध छापला. त्यातलाच सिद्धांत पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडला, आणि आज प्रतिमांचं संक्षेपण करणारा अभियंता तो 'कारहुनेन-लोएव्ह' या नावानं शिकतो. कोसंबींचं नाव आता कुठे काही जण पुढे जोडू लागलेत. याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ साली, गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र त्यांनी लंडनच्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये दिलं. ते मात्र 'कोसंबी फंक्शन' म्हणूनच रूढ झालं. पिकांचा जनुकीय नकाशा काढणारा विद्यार्थी आजही संगणकाच्या पडद्यावर 'हॉल्डेन' की 'कोसंबी' असा पर्याय निवडतो, आणि १९४४चा निबंध संदर्भात दिला नाही तरी त्याचं काम अडत नाही. माणूस एकच, दोन निबंधांत अंतर एका वर्षाचं. श्रेयात एवढा फरक पडला त्याचं मोठं कारण, निबंध कुठल्या देशात छापला गेला, हे आहे असं माझं ठाम मत आहे.

ज्याचं नाव आधीच मोठं, त्याच्याच पदरात श्रेय पडत जातं. याला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली 'मॅथ्यू इफेक्ट' हे नाव दिलं. तो लेख हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल मानकऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. लेखक म्हणून नाव एकट्या मर्टन यांचं. हा लेख दोघांच्या नावानं यायला हवा होता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. श्रेयाच्या अन्यायावरचा जगप्रसिद्ध लेख, आणि त्यातही एका बाईचं नाव राहून गेलं.

बाईच्या नावाची आणखी एक अडचण मला रोज दिसते. लग्नाआधी कुलकर्णी, नंतर देशपांडे. माहितीकोशात दोन वेगळ्या व्यक्ती तयार होतात आणि दोन अर्ध्या कारकिर्दी दिसतात. 'पाटील एस.' या एका नोंदीत सुनील, संगीता, सचिन आणि शुभांगी एकत्र कोंबलेले असतात. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव परदेशी नियतकालिक कधीकधी आडनाव समजतं. २०१२पासून 'ऑर्किड' हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो आणि तो जन्मभर बदलत नाही. ज्यांनी काढला नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो काढावा.

आकड्यांची भूक वाढली तसा बाजारही उभा राहिला. मोबाइलवर संदेश येतात: पेपर तयार आहे, पहिल्या लेखकाची जागा इतक्याला, तिसऱ्याची तितक्याला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि अन्य कोणत्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. त्याच वर्षी ४,३०५ नावं यादीतून उडवली गेली. पुढे तिच्या जागी आणायच्या 'केअर' यादीचं काम पुण्याच्या विद्यापीठात सुरू झालं. २०२५ साली आयोगानं तीही बंद केली. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ साली गेली, हे चांगलंच झालं.

उपाय अवघड नाही. नावांच्या क्रमावरून तर्क करण्यापेक्षा प्रत्येकानं काय केलं ते छापावं. 'क्रेडिट' या पद्धतीत अशा १४ भूमिका ठरवल्या आहेत: कल्पना, माहिती गोळा करणं, विश्लेषण, संगणक प्रणाली, मूळ मसुदा, निधी मिळवणं वगैरे. २०२२ साली अमेरिकेत त्याला मानकाचा दर्जाही मिळाला. यातून आज कुठेच न मोजली जाणारी माणसंही दिसू लागतील. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश घेऊन जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या आधारे लिहिलेल्या निबंधांच्या शेवटी तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानलेले असतात. रात्रपाळीला बसून डिश चालत्या ठेवणाऱ्यांच्या पदरात एवढीच एक ओळ पडते, आणि आभाराच्या ओळीवरून कुणाचाही एच-इंडेक्स वाढत नाही.

निवड समित्यांवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. उमेदवाराकडून पेपरची यादी मागवू नका. त्यानं स्वतः निवडलेले तीन निबंध मागवा, प्रत्येकात त्याचं काम काय होतं ते अर्ध्या पानात लिहून घ्या, आणि ते निबंध वाचून या. आणि पीएच.डी.ला नुकतंच नाव घातलेल्या मुला-मुलींनो, पहिला नमुना गोळा करण्याआधी गाइडसमोर बसून कोण काय करणार आणि पेपरवर कुणाचं नाव कुठे येणार, हे कागदावर लिहा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.