घटका भरताना

दिवस उलटून गेले, कळा नाहीत, डॉक्टरांनी दाखल होऊन औषधाने कळा आणण्यास सांगितले आहे, अशा वेळी धर्मग्रामातील तरुण जोडपी आमच्याकडे आशीर्वादासाठी येतात. आशीर्वाद घेऊनही ती दारात घुटमळतात. परमेश्वराने नेमलेल्या घटकेआधी बाळाला बोलावणे ही त्याच्या इच्छेत ढवळाढवळ तर नव्हे, ही शंका त्यांना छळत असते.

तशी ती नव्हे, असे आम्ही नि:संकोचपणे सांगतो. बाळ उदराबाहेर जगू शकेल इतके वाढले असेल आणि कारण तितकेच सबळ असेल, तर कळा सुरू करण्यास ख्रिस्तसभेची हरकत नाही. वेदनांविषयीही तेच. पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजीच्या भाषणात स्पष्ट केले, की उत्पत्तीच्या पुस्तकातील हव्वेविषयीच्या वचनामुळे मातेच्या वेदना कमी करणे निषिद्ध ठरत नाही. मात्र काही जण पवित्र मरियेचा जन्मदिन, ८ सप्टेंबर, साधावा म्हणून घाई करतात. भक्ती चांगली, परंतु पंचांग पाहून ठरविलेले बाळंतपण ते हेच! वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कळांविना फुटलेली पाणमोट ही खरी कारणे. शिवाय ४१ आठवडे खात्रीने पूर्ण झाले असल्यास कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

प्रसूतिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण इस्पितळांच्या व्हरांड्यांत बसून एक गोष्ट आम्ही पुरती ओळखली आहे. दाखल झाली म्हणजे सायंकाळपर्यंत पेढे, ही घरच्यांची समजूत घातक असते. गर्भाशयाचे मुख आधी मऊ व्हावे लागते. त्यासाठी जेल किंवा गोळी देतात, अथवा पाण्याने फुगणारा लहानसा फुगा असलेली नळी बसवितात. यातच एखादी रात्र सरते, कधी दोन. मग पाणमोट फोडणे, आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन. हे द्रव्य मातेचे शरीर स्वत:च निर्माण करते. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत सिद्ध केले. औषधाच्या कळा पायरीपायरीने न चढता एकदम तीव्र होऊ शकतात. त्या फार जवळजवळ आल्या तर बाळाला उसंत मिळत नाही, म्हणून ठोके सतत तपासतात आणि सलाईन मंद करतात. इतके करूनही मुख उघडले नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसऱ्या दिवशी खरी कसोटी लागते. मागाहून आलेली शेजारच्या खाटेवरची बाई मोकळी होऊन जाते, आणि बाहेरून निरोपावर निरोप येतात, "अजून मोकळी झाली नाही का?" एका मुलीने आम्हाला त्या अवस्थेत विचारले होते, "फादर, माझ्यातच काही उणे आहे का?" सासूबाई तिचे पाय चोळीत होत्या. त्याच उत्तरल्या, "उणे कसले गं? मुख दोन बोटे उघडलंय. बाळ वाट काढतंय, त्याला काढू दे." आमच्या सेमिनरीत कोणी असे उत्तर शिकविले नव्हते.

जोडप्यांना आम्ही तीन दिवसांचे कपडे बरोबर न्यायला सांगतो. कळा का आणायच्या, थांबलो तर काय, आणि कळा आल्याच नाहीत तर पुढे काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांना दाखल होण्यापूर्वीच विचारावेत. आणि नवऱ्याने नातलगांचे फोन व्हरांड्यातच घ्यावेत.