आधी माणसं कठड्यापलीकडे

महामार्गावर गाडी बंद पडली की आपल्याकडची रीत ठरलेली असते. चालक उतरून बॉनेट उघडतो, घरच्यांना आत बसायला सांगतो आणि फोन कानाला लावून डिकीपाशी उभा राहतो. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. इंजिनाला काय झालं हे नंतर पाहता येतं. आधी गाडी जमेल तेवढी डावीकडे घ्यावी, सगळ्यांनी डाव्या दाराने उतरावं, चालकानेही गिअरवरून सरकत त्याच बाजूने, आणि कठड्याच्या पलीकडे जावं. कारण धोका मागून येणाऱ्या गाडीचा असतो. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर अपघातातल्या जखमींसाठी रुग्णवाहिका थांबली होती. मदत चालू असतानाच भरधाव मोटार तिथल्या गाड्यांवर आणि माणसांवर आदळली आणि पाच जण गेले. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर आधीच्या अपघातापाशी जमलेल्या घोळक्यात मोटार घुसली. त्यात नऊ जणांचा जीव गेला. दोन्हीकडे दुसरी धडक जीवघेणी ठरली.

चारही इंडिकेटर लावले की झालं, असं वाटणाऱ्यांनी पावसाळ्यातला खंडाळ्याचा घाट आठवून पाहावा. धुकं उतरलं की कितीतरी गाड्या चालता चालताच ते लुकलुकवत असतात. मग समोरची गाडी चालती आहे की उभी, हे मागच्याने ओळखायचं कशावरून? इंडिकेटर लावावेतच, पण त्यांच्या भरवशावर आत बसू नये. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. चालकाला समजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर चाळीसेक मीटर तिथेच सरतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास-साठ लागतात, ओल्यावर त्याहून बरेच. म्हणून गाडीमागे दहा पावलांवर ठेवलेला लाल त्रिकोण जवळपास निरुपयोगी. तो शंभर मीटर मागे हवा, आणि तिथवर कठड्याच्या पलीकडूनच चालत जावं. तसं जाता येत नसेल तर त्रिकोणाचा नाद सोडावा. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत तर मोटरवेवर त्रिकोण ठेवूच नका असं सांगितलं आहे. त्रिकोणाऐवजी दगड आणि फांद्या मांडायची आपली जुनी पद्धत मला त्याहून घातक वाटते, कारण गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड रात्री येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तिथेच राहतात.

यावरचा सर्वात खरा आक्षेप रात्री एकट्या बाईचा आहे. अंधारात तिने बाहेर उभं राहायचं? ही भीती मी किरकोळ मानत नाही. पण कुलूपबंद दारं माणसाला अडवतात, ट्रक अडवत नाहीत. तिने आधी ११२ ला फोन करावा, घरी लोकेशन पाठवावं आणि पलीकडे थांबावं. कुणी संशयास्पद थांबलं तर डाव्या दाराने आत जाऊन दारं लावावीत, तो गेला की पुन्हा बाहेर यावं. दुसरा आक्षेप पावसाचा. लहान मुलं भिजतील हे खरं, म्हणून छत्र्या आणि रेनकोट सीटखाली असावेत; डिकीत ठेवले तर ते काढायला नेमकं सर्वात धोक्याच्या जागी उभं राहावं लागतं. उभं राहायचं तेही गाडीच्या पुढे नव्हे, थोडं मागच्या अंगाला, कारण धडक बसलेली गाडी पुढे फेकली जाते. घाटात कठड्यापलीकडे दरी असेल तर अर्थातच ओलांडू नये. कठड्याला लागून गाडीपासून जमेल तितकं मागे सरकावं. तेवढीही जागा नसेल तेव्हाच पट्टा लावून आत बसणं हा उरलेला पर्याय.

उजवं चाक पंक्चर झालं असेल तर स्टेपनी तिथे बदलूच नये. जॅक लावणाऱ्याची पाठ वाहतुकीपासून हातभर अंतरावर येते. टायर आणि रिम खराब झाली तरी चालेल, हळूहळू रुंद जागेपर्यंत गाडी न्यावी. तीही नसेल तर क्रेन बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर त्यासाठी १०३३ आहे. फोनवर ‘लोणावळ्याच्या जरा पुढे’ एवढं सांगून भागत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण मुंबईकडे निघालोय की पुण्याकडे, हे दोन्ही सांगावं. नाहीतर मदत समोरच्या बाजूने निघून जाते आणि तिला वळून यायला पुढचा फाटा गाठावा लागतो.