बाजार वाशीमचा, हात लेकराचा

दसरा उलटला, सोयाबीनचे कट्टे भरून झाले, की वाशीम जिल्ह्यातले रस्ते पहाटेपासून वाहू लागतात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांच्या गावी ट्रॅक्टर निघतात, एस.टी. भरून जाते, मोटारसायकलवर तिघे-चौघे बसतात. माल विकायचा आणि त्याच पैशात दिवाळीचा बाजार करायचा, असा बेत असतो. घरी कोणी राहत नाही, म्हणून दोन-अडीच वर्षांचे लेकरूही नवे झबले घालून निघते.

हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. इथले बाजार मात्र फार जुने. चला तर, या बाजारांतून एक फेरी मारू. पण या खेपेला मालाच्या भावाकडे नाही, तर लेकराच्या उंचीवरून बाजाराकडे पाहू. तुमच्या गुडघ्याएवढ्या जिवाला तिथे दिसतात ते फक्त पाय, चाके आणि शेगड्या.

निघण्यापूर्वी घरातच एक गोष्ट ठरवा. ज्याच्या हाती लेकरू, त्याच्या हाती पिशवी नाही. बाजारात लेकरू हरवते ते बहुधा कोणाच्या बेफिकिरीमुळे नव्हे. आईला वाटते बापाजवळ आहे, बापाला वाटते आजीजवळ आहे, आणि ते कोणाजवळच नसते. म्हणून एकाचे नाव घेऊन सांगा, "आता बाळ तुझ्याकडे." दुसऱ्याकडे देतानाही तोंडाने सांगून द्या. त्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडू नका.

वाटेवर

मोटारसायकलच्या टाकीवर पुढे लेकरू बसवण्याची आपल्याकडे सवयच आहे. ब्रेक लागला की आधी तेच हँडलवर आपटते. २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी पट्ट्याने बांधलेले असावे, डोक्याला हेल्मेट असावे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा. हे जमत नसेल तर एस.टी.ने या. घरातून निघताना लेकराचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो मोबाईलमध्ये घ्या. आतल्या खिशात गावाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. मनगटावर नंबर पेनाने लिहिला तर आणखी चांगले. अंगात भडक रंगाचे कपडे असावेत, गर्दीत ते लांबून दिसतात.

कारंज्याचे यार्ड

कारंजा लाड हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार देशात प्रथम सुरू झाला तो याच गावी. तेव्हा बैलगाड्यांच्या रांगा लागत. बैल लेकरू पाहून थबकतो तरी. ट्रॅक्टरला ते दिसतच नाही. मागे घेताना ट्रॉलीच्या पाठीशी उभे असलेले पोर चालकाच्या नजरेत येत नाही. म्हणून गाडी मागे घेताना एका मोठ्या माणसाने मागे उभे राहून हात दाखवावा.

त्याहून वाईट म्हणजे सावली. हर्रास होईपर्यंत दोन-तीन तास जातात, ऊन चढते, आणि आई दमलेल्या लेकराला ट्रॉलीखाली फडके टाकून निजवते. ते काही झाले तरी करू नका. कोणी तरी येऊन गाडी हलवतो आणि खाली कोण आहे हे त्याला माहीत नसते. कट्ट्यांच्या थप्पीला टेकवूनही निजवू नका, थप्पी ढासळते. झाड, शेड किंवा ओळखीच्या अडत्याची ओसरी शोधा आणि जवळ कोणी तरी जागे बसा.

सर्वांत धोक्याच्या वेळा दोन: काटा होताना आणि नोटा मोजताना. तेव्हा घरातल्या सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागतात. मघाचा नियम या दोन वेळांसाठीच आहे.

वाशीमची बाजारपेठ

पैसा हाती आला, आता वाशीमच्या पेठेत येऊ. हे गाव म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दीड हजार वर्षांपूर्वीही इथे लोक बाजाराला येत असतील आणि लेकरे रडत असतील!

गर्दीत कडेवरच्या लेकराच्या हाताला काय लागेल याचा नेम नसतो. भज्यांची कढई अगदी रस्त्याच्या कडेला असते. तिच्यापासून चार हात लांबून चला. रसवंतीच्या चरकाकडे लेकराला जाऊ देऊ नका; फिरत्या दात्यांत बोट गेले तर वाचत नाही. नुकत्याच उभ्या केलेल्या मोटारसायकलचा सायलेन्सर नेमका त्याच्या पोटरीच्या उंचीवर असतो.

रडू नये म्हणून मुठीत फुटाणे-शेंगदाणे द्यायची आपली रीत आहे. चार वर्षांखालच्या मुलाला ते अख्खे देऊ नका. चालता-हसताना दाणा श्वासनळीत जातो. केळे द्या, भिजवलेली पोळी द्या, आणि ती खाली बसवून खाऊ घाला. फुगा फुटला तर त्याचे तुकडे लगेच उचला. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल निघत असेल तर ते खेळणे घेऊच नका. तो सेल गिळला तर आत अन्ननलिका जळते. तसे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

कृषी केंद्रातून औषध घेतले असेल तर ते खाऊच्या पिशवीत टाकू नका. वेगळ्या पिशवीत, वरच्या बाजूला, लेकराच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

आई एकटीच असेल तर काय करावे? सकाळी लवकर, गर्दीच्या आधी यावे. लेकराला झोळीने अंगाशी बांधावे. खाली उतरवावेच लागले तर दुकानाची फळी आणि आपले गुडघे यांच्या मध्ये उभे करावे. पाठीमागे कधीच नाही.

देवाच्या दारी

बाजार झाला की पावले आपोआप बालाजीच्या देवळाकडे वळतात. हे देऊळ अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधले. जवळच देवतलाव आहे आणि गावात पद्मतीर्थही आहे. पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडाविशी वाटते. पण लहान मूल पाण्यात पडते तेव्हा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते मुकाट बुडते. आवाज येईल म्हणून थांबू नका. पाण्याजवळ त्याचा हात तुमच्या हातातच असावा.

सर्वांत मोठी गर्दी पाहायची तर रामनवमीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीला जावे. जगदंबा देवी आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला कर्नाटक, तेलंगणापासून बंजारा बांधव येतात. तिथे हरवलेले लेकरू "याडी, याडी" म्हणून रडते. याडी म्हणजे आई. पण कोणाची याडी, हे त्या लाखांच्या गर्दीत कसे कळावे? बोलू लागलेल्या मुलाला आपले नाव, बापाचे नाव आणि तांड्याचे किंवा गावाचे नाव पाळण्यातल्या गाण्यासारखे शिकवा. "आईचे नाव काय?" विचारले की बहुतेक मुले "आई" असेच सांगतात!

हरवलेच तर

घाबरून सगळ्यांनी दाही दिशांना पळू नये. एकाने जागेवरच थांबावे, कारण लेकरू पुष्कळदा तिथेच परत येते. दुसऱ्याने आधी पाणी आणि रस्ता पाहावा, मग दुकाने. तिसऱ्याने भोंग्यावर नाव आणि कपडे सांगावेत. अंगावरची एक खूण मात्र सांगू नये. लेकराला घ्यायला कोणी आले की ती त्याला विचारावी. ११२ किंवा १०९८ वर फोन करावा. "२४ तास थांबा" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार लगेच नोंदवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे.

आणि दुसऱ्याचे लेकरू रडताना दिसले तर? त्याला घेऊन फिरू नका. तिथेच थांबा, आणखी दोघांना बोलवा आणि पोलिसांना कळवा.

शेवटी एक कटू गोष्ट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे आले आहेत अशा मोबाईलवरच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसे होती ती. त्यांच्याही घरी लेकरे होती. त्या अफवेने एकही मूल वाचले नाही. अनोळखी माणसावर संशय घेणे सोपे आहे. आपल्या लेकराचा हात धरून ठेवणे त्याहून थोडे अवघड आहे, पण लेकरू वाचते ते त्यानेच.

तेव्हा पुढच्या बाजाराला निघताना पिशव्या मोजाल, पैसे मोजाल. उंबरठ्यावर एवढेच विचारा: "आज बाळ कोणाकडे?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका.