एकूण प्रथिने वजा अल्ब्युमिन

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या घरांत वर्षातून एकदा रक्ततपासणीचा अहवाल येतो. साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन एवढे पाहून तो फायलीत जातो. यकृताच्या तपासण्यांत ‘एकूण प्रथिने’ आणि ‘अल्ब्युमिन’ अशा दोन ओळी असतात; त्यांकडे सहसा कोणी वळत नाही. पहिलीतून दुसरी वजा केली की ग्लोब्युलिन उरते. ते दर डेसिलिटरला साधारणतः २ ते ३.५ ग्रॅम असावे. माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या अहवालात एकूण प्रथिने १०.१ आणि अल्ब्युमिन ३.१ होते. बाकी आली ७. बँकेत असा आकडा दिसला असता तर त्याच दिवशी खाते उघडून पाहिले असते.

मेहुण्यांची घाटकोपर पश्चिमेला भांड्यांची पेढी आहे. सहा महिने त्यांची पाठ दुखत होती. दिवसभर गादीवर बसणाऱ्याची पाठ दुखणारच, असे सर्वांचे मत. हिमोग्लोबिन ९ वर आले होते. त्याचे खापर शाकाहारावर आणि बी-१२ वर फुटले. ही कारणे निराधार नव्हती. आपल्या समाजात बी-१२ ची उणीव पुष्कळ आढळते, आणि तिच्याआड दुसरे कारण सहज दडते. दुखण्यावर ते रोज वेदनाशामक गोळी घेत. क्रिएटिनिन वाढले तेव्हा आमच्या वृद्ध कुटुंबवैद्यांनी पाठ, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि ग्लोब्युलिन या चार गोष्टी एका कागदावर शेजारी-शेजारी मांडल्या. निदान झाले मल्टिपल मायलोमा.

आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. निरोगी शरीरात त्यांची असंख्य कुळे असतात आणि प्रत्येक कुळाचे प्रतिपिंड वेगळे. मायलोमात एकच कूळ बेसुमार वाढते आणि एकाच जातीचे निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. हाडे पोखरली जातात, त्यांतील कॅल्शियम रक्तात उतरते, मूत्रपिंडे तुंबतात. अशा मूत्रपिंडांना अनेक वेदनाशामक गोळ्या आणखीच घातक.

त्याच दिवसांत ताई जिला दूध-पोळी घालते ती इमारतीतील मांजर लंगडू लागली. पंजाच्या मधल्या गाद्या उशीसारख्या मऊ फुगून जांभळट झाल्या होत्या. पशुवैद्यांनी सुईने नमुना घेतला. त्यातही प्लाझ्मा पेशीच! हा शब्द ऐकताच ताईचा धीर सुटला. आजार एकाचा दुसऱ्याला लागला की काय, असे ती मला विचारू लागली. तसे काही नसते. मायलोमा संसर्गजन्य नाही, आणि मांजरीच्या पंजाचा हा विकार कर्करोगही नव्हे. रोगप्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे प्लाझ्मा पेशी तेथे गोळा होतात, असे मानले जाते.

गंमत अशी की या विकारात मांजरीच्या रक्तातही ग्लोब्युलिन पुष्कळदा वाढलेले असते. मग फरक कसा ओळखायचा? त्यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी आहे. तिच्या आलेखात अनेक कुळांची वाढ पसरट टेकडीसारखी दिसते, तर एकाच कुळाची वाढ सुळक्यासारखी उभी राहते. मेहुण्यांच्या आलेखावर सुळका होता. मांजरींनाही खरा मायलोमा होतो, पण क्वचित. त्यात माणसाच्या मानाने हाडांना कमी आणि प्लीहा-यकृताला अधिक झळ लागते. ताईच्या मांजरीला डॉक्सिसायक्लिन दिले. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून गोळीमागोमाग पाणी पाजण्याची सक्त ताकीद होती. काही आठवड्यांत पंजे उतरले.

मात्र वजाबाकी बरोबर आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. काही रुग्णांत प्रतिपिंडाचे लहान तुकडेच तयार होतात आणि लघवीवाटे निघून जातात. ग्लोब्युलिन वाढलेले दिसत नाही. नेहमीच्या लघवीच्या पट्टीवरही ते सहसा उमटत नाहीत. लंडनमधील मॅकबीन नावाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या लघवीत हे प्रथिन १८४५ मध्ये सापडले. तापवले की विरघळे, थंड केले की पुन्हा साकळे. हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याचा अभ्यास केला, म्हणून आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मॅकबीन १८४६ च्या जानेवारीत गेले.

आज इतके हताश होण्याचे कारण नाही. गर्भातील बालकांना अपंग केल्यामुळे १९६१ पासून बाजारातून हटवले गेलेले थॅलिडोमाइड या आजारावर उपयोगी पडते, हे १९९९ मध्ये डॉ. सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले. त्याच कुळातील लेनालिडोमाइड आता भारतात तयार होते. रोग समूळ जात नाही, पण वर्षानुवर्षे दबून राहू शकतो.

मेहुण्यांची खरी अडचण औषधाची नव्हतीच. मूत्रपिंडे वाचवायची तर दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी प्या, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि त्यांचा चौविहार वीस वर्षांत एकदाही चुकलेला नव्हता. घरात आठ दिवस अबोला. अखेर ताई त्यांना उपाश्रयात घेऊन गेली. साध्वीजींशी बोलणे झाल्यावर ते तिविहाराचे पच्चक्खाण घेऊ लागले. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी चालते. क्रिएटिनिन उतरले, मूळपदावर आले नाही. आता चौथे वर्ष चालू आहे. पेढी मुलगा पाहतो. मेहुणे पाठीला पट्टा बांधून दुपारी दोन तास गादीवर येतात. शेजारी पितळी तांब्या असतो, आणि ओळखीचा व्यापारी पाठ दुखते म्हणाला की ते त्याच्याकडे रक्ताचा अहवाल मागतात.