पेशी चढवल्यानंतरचे वर्ष

अस्थिमज्जा प्रत्यारोपणात प्रत्यक्ष पेशी चढवण्याचे काम बहुधा तासा-दोन तासांत उरकते. रक्ताची पिशवी लावतात तशीच दात्याच्या पेशींची पिशवी लावतात. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर त्यांच्या संरक्षक द्रावणाचा लसणीसारखा वास खोलीत दिवसभर रेंगाळतो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ऑपरेशन थिएटर, टाके असे काही अपेक्षित असते, आणि पिशवी रिकामी झाल्यावर ते विचारतात, "झालं?" कसब लागते ते या तासांच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे वर्ष निभावून नेण्यात. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग असलेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते. टाटाचा हा विभाग पुढे खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात गेला. बीड जिल्ह्यातला रुग्ण मुंबईला पोचतो तेव्हा घर सुमारे ४०० किलोमीटर मागे राहिलेले असते. औषधांचे आणि परक्या पेशींचे बरेचसे दुष्परिणाम मात्र तो घरी परतल्यावर डोके वर काढतात. या शास्त्राची पुस्तके मुख्यतः मोठ्या केंद्रांतल्या डॉक्टरांनी लिहिली असल्यामुळे त्यांत या ४०० किलोमीटरांना फारशी जागा नसते.

पहिला टप्पा कंडिशनिंगचा. जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी दिलेल्या प्रत्येक औषधाचा राग एखाद्या ठरलेल्या अवयवावर निघतो, आणि तो अवयव माहीत असल्यामुळेच त्याचा बंदोबस्त आधी करता येतो. बुसल्फानने झटके येऊ शकतात, म्हणून झटक्यांचे औषध बुसल्फानच्या आधीच सुरू होते. सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाच्या अस्तरावर उतरते आणि लघवीतून रक्त जाते, त्यासाठी भरपूर सलाईन आणि मेस्ना. मेल्फॅलनने तोंड सोलवटते. यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. औषध चालू होण्याच्या थोडे आधीपासून ते संपल्यानंतरही काही वेळ रुग्णाने बर्फाचे खडे चघळत राहायचे. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचते. मेल्फॅलनचा अंमल थोडा वेळच टिकतो म्हणून हे जमते, प्रत्येक औषधाला जमत नाही.

याच टप्प्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या औषधांनी मूल होण्याची क्षमता बहुतेकदा जाते. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाचे वीर्य गोठवून ठेवणे सोपे आहे, पण ते दाखल होण्यापूर्वी व्हायला हवे आणि त्याला वडिलांच्या समोर विचारून उपयोग नाही. घरचे म्हणतात, आधी जीव तर वाचू द्या. जीव वाचल्यावर पाच वर्षांनी स्थळे येऊ लागतात, तेव्हा हीच गोष्ट घरात सगळ्यात अवघड होऊन बसते.

पेशी चढवल्यानंतर दोन ते चार आठवडे शरीरात संरक्षक पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. न्यूट्रोफिलचा काउंट ५०० च्या खाली असताना पू होत नाही, सूज दिसत नाही, न्यूमोनियाच्या एक्स-रेतही फारसे उमटत नाही, कारण हे सारे घडवणाऱ्या पेशीच नसतात. ताप हे एकच लक्षण उरते. म्हणून ताप आला की रक्ताचे कल्चर घ्यायचे आणि तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक चालू करायचे. कल्चरच्या उत्तराची वाट पाहायची नाही. कोणते प्रतिजैविक, हा प्रश्न भारतात अधिक बिकट आहे. नेहमीच्या जोरकस औषधांना न जुमानणारी क्लेब्सिएलासारखी आतड्यातली जंतुसेना इथे बऱ्याच रुग्णांच्या पोटात आधीच तळ देऊन असते. त्यामुळे दाखल करतानाच गुदद्वाराचा स्वॅब घेऊन हे जंतू शोधणे आणि ते सापडल्यास तापाच्या पहिल्या तासातच औषधांची निवड बदलणे, असे अनेक केंद्रे करतात.

आहाराबाबत पूर्वी फार कडक नियम होते. कच्चे काही नको, फळ नको, घरचे नको. नंतरच्या चाचण्यांत असे दिसले की या कडकपणामुळे जंतुसंसर्ग कमी होत नाही, उलट रुग्णाचे जेवण तुटते. तव्यावरून ताटात आलेली बाजरीची भाकरी आणि गरम पिठले याला हरकत घेण्याचे कारण नाही. ठेचा मात्र सोललेल्या तोंडाला सोसत नाही. केळे, संत्रे धुऊन आणि सोलून चालते. बीडचे सीताफळ प्रसिद्ध आहे, पण पिकून साल तडकलेले सीताफळ या दिवसांत नकोच. खरी काळजी पाण्याची घ्यावी लागते. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात पाणी उकळून, झाकून, त्याच दिवशी संपवायचे, हे रुग्ण घरी जाण्याआधी घरातल्या बाईपाशी आणि पुरुषापाशीही बोलून ठेवावे लागते.

यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचा विकार याच काळात येतो. त्याची पहिली खूण म्हणजे वाढणारे वजन. म्हणून वॉर्डात सकाळ-संध्याकाळ वजनकाटा आणला जातो. हाडे दिसू लागलेल्या मुलाचे वजन दोन दिवसांत दोन किलो वाढले की आईला बरे वाटते आणि डॉक्टर पोटाचा घेर मोजू लागतात. हे वजन पाण्याचे असते. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल प्रतिबंधासाठी देतात. विकार झाल्यावरचे डिफिब्रोटाइड परिणामकारक आहे, पण त्याची किंमत ऐकून बरीच कुटुंबे गप्प होतात.

काउंट वर आला, प्लेटलेट स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, की घरात पेढे वाटले जातात. प्रत्यारोपणाचा सगळ्यात खोल दुष्परिणाम नेमका इथून सुरू होतो. दात्याच्या टी-पेशींना रुग्णाचे शरीर परके वाटते आणि त्या त्यावर चालून जातात. या विकाराला सगळीकडे जीव्हीएचडी म्हणतात. तळहात-तळपाय लाल होऊन चुरचुरणे, कावीळ आणि हिरवट, पाण्यासारखे जुलाब ही त्याची तीन दारे. त्वचा डोळ्यांना दिसते, यकृत रक्त तपासून कळते, आतड्याची तीव्रता मात्र मोजमापाने ठरते. दिवसाकाठी किती मिलिलिटर जुलाब झाले त्यावरून टप्पा आणि त्यावरून औषध. रात्रपाळीच्या परिचारिकेने भांडे मोजून आकडा लिहिला नाही, तर सकाळी राउंडला आलेल्या तज्ज्ञाचे ज्ञान फारसे कामाला येत नाही.

प्रतिबंधाची जुनी जोडी सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट. सिएटलच्या गटाने १९८६ मध्ये तिची उपयुक्तता दाखवली. त्यानंतरची मोठी झेप जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यायचे. रुग्णाच्या शरीरावर उसळून उठलेल्या टी-पेशी त्या घटकेला भराभर विभाजित होत असतात आणि त्याच मरतात. मूळपेशींजवळ या औषधाला निकामी करणारे विकर भरपूर असल्याने त्या तगतात. औषध जुने आणि स्वस्त, पण त्याने आई-वडील किंवा अर्धे जुळणारे भावंड यांना दाते होण्याची वाट मोकळी करून दिली. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच असते, आणि कुटुंबे लहान होत चालल्याने हा हिशोब दरवर्षी अधिक तोकडा पडतो.

जीव्हीएचडी झालाच तर मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारणतः वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम. पाच-सात दिवसांत उतार पडला नाही तर रुक्सोलिटिनिब. यात एक पेच आहे. जी टी-पेशी आतडे जाळते तिच्याच नात्यातली पेशी उरलासुरला कर्करोग मारते. प्रतिकारशक्ती पूर्ण दाबली तर जीव्हीएचडी शमतो, पण बुरशी, विषाणू आणि परतणारा ल्युकेमिया यांना रान मोकळे मिळते. त्वचेवरचा सौम्य विकार काही दिवस केवळ मलमावर सोसू देणारा डॉक्टर निष्काळजी वाटू शकतो, बऱ्याचदा तोच बरोबर असतो.

विषाणूंमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस मुख्य. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात तो लहानपणापासून झोपलेला असतो. दर आठवड्याला रक्तात त्याचा माग काढायचा आणि तो वाढू लागला की आजार होण्याआधीच गॅन्सिक्लोव्हिर द्यायचे. गॅन्सिक्लोव्हिर काउंट पाडते, म्हणजे एका दुष्परिणामावरचे औषध मागचा दुष्परिणाम पुन्हा दारात आणून उभा करते.

पेशींच्याच दुसऱ्या एका उपचाराची, कार-टीची, विषबाधा वेगळ्या घडणीची आहे. इथे रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. त्या लढू लागल्या की सायटोकाइनांचा पूर येतो. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, प्राणवायू कमी पडतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमियाची एक लहान मुलगी या पुरात मरणाच्या दारात होती. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ भलतेच वाढलेले सापडले. उपचार करणाऱ्या गटातले संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता, त्यामुळे या रेणूला अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध त्यांना माहीत होते. ते दिले आणि मुलगी वाचली. तेव्हापासून टोसिलिझुमॅब हाताशी नसेल तर कार-टीची पिशवी लावू नये, हा नियमच झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ६४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आले. मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला आणि तीव्र सायटोकाइन-पूर थोड्यांनाच आला. काउंट पडणे मात्र जवळजवळ सर्वांच्या वाट्याला आले.

कार-टीत मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. तो लवकर पकडण्यासाठी रोज साधी परीक्षा घेतात. आज कोणते साल, तीन वस्तूंची नावे, शंभरपासून दहा-दहाने उलटे आकडे, आणि एक वाक्य लिहून दाखवणे. अक्षर बिघडते ते पुष्कळदा बोलणे बिघडण्याच्या आधी. ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या आणि शाळा सुटलेल्या माणसाला वाक्य लिहिता आले नाही तर परीक्षेत गुण जातात, मेंदू मात्र ठीक असतो. पेशी देण्यापूर्वीच त्याची सही, एखादी रेघोट्यांची आकृती आणि त्याच्या बोलीतले आकडे नोंदवून ठेवले तर ही फसगत टळते. त्या मूळ नोंदीशीच पुढची रोजची तुलना करायची.

प्रत्यारोपणानंतर शंभराव्या दिवसाच्या आसपास रुग्ण घरी परततो. गेवराई, धारूर किंवा पाटोद्यात गेलेल्या रुग्णाला ताप आला तर पहिला डॉक्टर गावातला असतो, दुसरा टप्पा बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्यांच्या हाती दहा पानी डिस्चार्ज कार्ड दिले तर कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत चार-पाच गोष्टी लागतात. आधी थर्मामीटर, मग गोळी, कारण तापाची गोळी आधी घेतली की ताप लपतो. तापासाठी कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन नको, प्लेटलेट आणि मूत्रपिंड दोन्हींना ते घातक. रक्त द्यावे लागले तर किरणे दिलेलेच द्यावे, कारण साध्या रक्तातल्या जिवंत टी-पेशी या रुग्णाला मारू शकतात. किरणे देण्याचे यंत्र तालुक्याच्या रक्तपेढीत सहसा नसते, म्हणून पिशवी कुठून आणायची तो फोन नंबरही त्याच पानावर हवा.

सगळ्यात फसवी चूक क्षयाच्या औषधांची. महिनाभर खोकला आणि ताप असलेल्या माणसाला क्षयाचे उपचार सुरू करणे हे मराठवाड्यातल्या डॉक्टरचे योग्यच प्रशिक्षण आहे. पण त्यातले रिफॅम्पिसिन यकृतातली विकरे इतकी चेतवते की सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी कोसळते आणि काही दिवसांत जीव्हीएचडी उसळतो. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलने पातळी चढते, मूत्रपिंड बिघडते, रक्तदाब वाढून झटके येतात. क्षय झाला तर तो बरा करायचाच, पण औषधांची जुळणी केंद्राशी बोलून. गुळवेलीचा काढाही विचारून घ्यावा लागतो. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून तो कोविडच्या काळात घरोघर प्यायला गेला आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी त्याने झालेल्या यकृतदाहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे त्याने ती चेतवणारे काही घेणे दुहेरी धोक्याचे.

घर आणि काम यांची विचारपूसही उपचाराचाच भाग. कडब्याची गंजी, गोठ्यातले शेण, मळणीची धूळ यांत अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू भरलेले असतात आणि स्टेरॉइडवर असलेल्या फुप्फुसात ते सहज रुजतात. ऊन त्वचेचा जीव्हीएचडी चेतवते, व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचे औषध चालू असेल तर आणखीच. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल आणि दुपारची सावली हे सल्ले सोपे वाटतात, पण दसरा-दिवाळीला बीडच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात तेव्हा ते टिकत नाहीत. उपचारासाठी पैसे हवेत म्हणून कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मग कोयता चालवायला जावेच लागते आणि रुग्ण एकतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतो, नाहीतर फडावरच्या कोपीत. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी २०१७ पासून कोल इंडियाची १० लाखांपर्यंतची मदतही आहे. ही मदत उपचाराच्या खर्चासाठी असते, पुढच्या वर्षभराची बुडालेली मजुरी धरलेली नसते. समाजसेवा विभागाने हंगामाच्या आधी, भादव्यातच, हा प्रश्न काढला तर काही तोड निघण्याची शक्यता असते.

त्यापुढचे परिणाम सावकाश येतात. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू वितळतात आणि जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. मोतीबिंदू, ठिसूळ हाडे, थायरॉइड मंदावणे, तरुण स्त्रियांत अकाली पाळी बंद होणे आणि पुढच्या काळात दुसरा कर्करोग, यांसाठी वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर लागते. बालपणीच्या लसींची आठवणही जुन्या मज्जेसोबत पुसली गेलेली असते. साध्या लसी साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा सुरू होतात. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतरच, आणि तेही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली असतील तर. घरात तान्हे मूल असेल तर त्याला पोलिओचे थेंब देण्याआधी आशाताईला हे घरचे दुखणे सांगावे. थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो, तेवढे दिवस त्या बाळाचे लंगोट रुग्णाने हाताळायचे नाहीत.